बदकाचे पोट ओढ्यावर भरत नाही

बदक हा पाण्यावरचा पक्षी आहे, त्याला सकाळी ओढ्याकाठी सोडून द्यावे, संध्याकाळी ते भरल्या पोटाने घरी येते, आणि पाळणाऱ्यास कवडीचाही खर्च येत नाही, असा समज भातशेतीच्या मुलखात पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. गावपातळीवर काम करणारे कार्यकर्तेही कित्येकदा याच समजाच्या आधारावर लहान शेतकऱ्यास बदके पाळण्याचा सल्ला देतात. अंड्यांसाठी पाळलेल्या बदकांच्या बाबतीत या म्हणण्यात काही तथ्य आहे. मांसासाठी पाळावयाच्या बदकांच्या बाबतीत मात्र तो समज चुकीचा आहे, आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांच्या आसपास तर तो घातक आहे.

प्रथम स्थळाचा विचार करणे अगत्याचे आहे. २०११ च्या जनगणनेत या तीन शहरांची मिळून वस्ती नऊ लाखांहून अधिक भरली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची कल्याणजवळील लष्करी छावणीत सोय करण्यात आली व १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ आणि बदलापूर येथे पुढे कारखानदारी वाढली. शहरे वाढली तरी त्यांना लागून असलेल्या एरंजाड, सोनावळे, वांगणी यांसारख्या गावांच्या शिवारांत भाताची खाचरे अद्याप आहेत, आणि भात निघाल्यावर तेथे वालही पेरला जातो. या मुलखातून दोन प्रवाह वाहतात. एक उल्हास नदी व दुसरी वालधुनी. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, तीच नदी पुढे उल्हासनगरातून जाताना सांडपाणी व रसायने यांनी भरून जाते. २०१४ साली याच नदीत सोडलेल्या रसायनांमुळे विषारी वायू पसरून शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले होते. माणसाला काठावर बसून जे पाणी सोसवत नाही, त्या पाण्यातील गाळ चोचीने उपसून खाणाऱ्या पक्ष्याची काय अवस्था होत असेल, हे सांगावयास तज्ज्ञाची गरज नाही. बदक चिखल गाळून खाते. चिखलात शिसे, क्रोमियम यांसारखे जड धातू साचलेले असतील तर ते त्याच्या यकृतात व मूत्रपिंडात साठतात, आणि तेच यकृत पुढे कोणाच्या तरी ताटात येते. सबब वालधुनीच्या अथवा कारखान्यांच्या नाल्यांच्या काठी वाढलेले बदक खाण्यासाठी विकणे हा केवळ तोट्याचा नव्हे, तर अपराधाचा व्यवहार आहे, असेच म्हटले पाहिजे.

चरून पोट भरणाऱ्या बदकाची कल्पना मुळात आली कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. केरळातील कुट्टनाड भागात भाताची कापणी झाल्यावर बदकांचे मोठे कळप रिकाम्या खाचरांत फिरवितात. खाली सांडलेले दाणे, गोगलगायी, लहान मासे व किडे यांवर ती बदके जगतात व अंडी देतात. पश्चिम बंगाल व आसामातही पुष्कळशी अशीच रीत आहे. जपानमध्ये ताकाओ फुरुनो नामक शेतकऱ्याने १९८८ च्या सुमारास भाताच्या उभ्या पिकात बदके सोडण्याची पद्धत सुरू केली व ती आशियात बरीच नावाजली. तथापि तेथेही बदकांना वरून दाणा द्यावा लागतो, ही गोष्ट त्या पद्धतीची वाखाणणी करणारे बहुधा विसरतात. कुट्टनाडचे बदक महिनोन् महिने फिरते व सावकाश वाढते. त्याच्याकडून अपेक्षा असते ती अंड्यांची. मांसासाठी पाळलेल्या व्हाइट पेकिन जातीच्या बदकाकडून अपेक्षा असते ती सहा-सात आठवड्यांत सव्वादोन ते अडीच किलो वजनाची. एवढी झपाट्याने होणारी वाढ गोगलगायींवर होत नाही.

या वाढीचा वेग ज्याने प्रत्यक्ष पाहिला नाही त्याला तो खरा वाटणार नाही. पेकिन जातीचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा त्याचे वजन ५० ते ६० ग्रॅम असते. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पोषणविषयक कोष्टकांप्रमाणे पहिल्या आठवड्याच्या अखेरीस ते पाव किलोच्या पुढे जाते, दुसऱ्याच्या अखेरीस पाऊण किलोच्या पुढे, आणि चार आठवड्यांचे होता होता दोन किलोच्या जवळ पोहोचते. आपल्याकडील उष्ण हवेत व साध्या खाद्यावर वेग याहून कमी पडतो, हे मान्य केले तरी वाढीचा आकार तोच राहतो. प्रारंभी खाद्याचे मांस फार लवकर होते व शेवटी फार सावकाश. त्याच कोष्टकांत सातव्या व आठव्या आठवड्यांची जी तुलना आहे ती प्रत्येक पाळणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावी. आठव्या आठवड्यात नर बदक सुमारे १ किलो ७०० ग्रॅम दाणा खाते आणि त्याचे वजन वाढते अवघे पाव किलोभर. म्हणजे त्या आठवड्यात वाढलेल्या प्रत्येक किलो वजनासाठी सहा किलोंहून अधिक खाद्य खर्ची पडते, आणि त्या वाढीतही चरबीचा वाटा मोठा असतो. शिवाय सात आठवड्यांच्या सुमारास पिसे पूर्ण येऊन बदक सोलण्यास सोपे असते. त्यापुढे लवकरच पिसे झडून नवी फुटू लागतात आणि कातडीत पिसांचे कोवळे खुंट राहतात. गिऱ्हाईक ते पाहून नाक मुरडते. तेव्हा "आणखी थोडे वाढू द्या, जरा मोठे होईल" असे म्हणून बदक दहा-बारा आठवडे ठेवणारा शेतकरी दाणाही गमावतो आणि भावही.

आता खर्चाचा हिशेब मांडू या. एक किलो जिवंत वजनास साधारणतः सव्वादोन ते पावणेतीन किलो खाद्य लागते असे भारतातील अनुभवावरून दिसते. अडीच किलोचे बदक तयार होण्यास साडेसहा किलोच्या आसपास खाद्य लागेल असे धरावे. पंचवीस पिल्लांचा लहानसा गट घेतला तर १६० किलो, म्हणजे पन्नास किलोची तीन पोती भरून वर आणखी. चार-पाच माणसांच्या घराला दोन-तीन महिने पुरेल इतके हे धान्य होय. ज्या घरी भाताची मळणी झाल्यावर कणी व कोंडा निघतो, त्या घरालाही पेंड, मका व खनिजे विकत घ्यावीच लागतात. खाद्याचा सरासरी भाव समजा किलोस ३५ रुपये पडला, तर एका बदकामागे सव्वादोनशे रुपयांहून अधिक नुसत्या खाद्याचे झाले. पिल्लाची किंमत, मरतूक व पाहणीची मेहनत यांचा खर्च वेगळा. भाव ज्या दिवशी जो असेल तो घालून हाच हिशेब मांडता येतो, आणि पिल्ले आणण्यापूर्वी तो मांडलाच पाहिजे.

येथे एक कटू सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आजची मांसल कोंबडी पावणेदोन किलोच्या आतबाहेर खाद्यात एक किलो वाढते. बदकाला त्याहून बरेच जास्त लागते. अर्थात कोंबडीच्या भावाने बदक विकून कोणालाही फायदा होणार नाही. उल्हासनगरच्या बाजारात कोंबडी मुबलक मिळते. तेथे बदकाने कोंबडीशी स्वस्ताईची शर्यत लावणे हा वेडेपणा ठरेल. बदक हे निराळ्या गिऱ्हाइकाचे, निराळ्या भावाचे आणि ठराविक दिवसांचे मांस आहे. असे गिऱ्हाईक मुंबई, ठाणे व वसईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात आहे. नाताळासारख्या सणाला त्यांच्या घरी बदकाचा मोईल शिजविण्याची जुनी चाल आहे. बदलापूर व अंबरनाथहून मुंबईकडे जाणारी लोकल दिवसभर धावते, आणि भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आटोपते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिल्ले आणली तर ती नाताळाच्या सुमारास बरोबर सात आठवड्यांची होतात, आणि त्याच दिवसांत घरात नवी कणी व ताजा कोंडा असतो. पाऊसही तोपर्यंत ओसरलेला असतो. याहून चांगला मेळ या मुलखात दुसऱ्या कोणत्याही हंगामात बसत नाही. अर्थात गिऱ्हाईक सप्टेंबरातच ठरवून ठेवले पाहिजे. बदके तयार झाल्यावर गिऱ्हाईक शोधणाऱ्याची बदके रोज दाणा खात राहतात.

खाद्य कसे असावे याविषयी दोन टप्पे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. पहिल्या दोन आठवड्यांत शेकडा २० ते २२ भाग प्रथिने असलेले खाद्य हवे, आणि त्यापुढे विक्रीपर्यंत शेकडा १६ ते १७ भाग पुरतात. नुसत्या कणीत प्रथिने शेकडा ८ च्या आसपास असतात. पिल्लांना फक्त कणी शिजवून घालणाऱ्या घरातील पिल्ले पोट भरलेली दिसतात, पण पिसे उशिरा येतात, पाय अशक्त राहतात आणि पुढे जे वजन चढते ते कातडीखालच्या चरबीचे असते. घरी मिसळावयाचे झाल्यास पहिल्या टप्प्यासाठी शंभर किलोंत मक्याचा भरडा ४०, कणी १५, ताजा कोंडा ८, सोयाबीन पेंड ३०, चांगल्या सुक्या मासळीची भुकटी ४ आणि खनिजे व जीवनसत्त्वे यांचे मिश्रण ३ किलो असे प्रमाण धरावे. दुसऱ्या टप्प्यासाठी मका ४५, कणी १८, कोंडा १४, सोयाबीन पेंड २० व खनिज-जीवनसत्त्व मिश्रण ३ किलो. दुसऱ्या टप्प्यात मासळी मुद्दाम गाळली आहे. शेवटच्या पंधरवड्यात मासळी खाल्लेल्या बदकाच्या मांसाला मासळीचा वास मारतो, आणि एकदा तो वास आलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. किनाऱ्यावरून येणारी स्वस्त सुकट अनेकदा वाळू व मीठ यांनी जड झालेली असते. लहान पिल्लांना जास्त मीठ हे विषासमान आहे, म्हणून मासळी घ्यावयाची तर चाखून घ्यावी. अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी मिळणारे तयार खाद्य स्वस्त पडते म्हणून बदकांच्या पिल्लांना घालू नये. त्यात अंड्याच्या कवचासाठी घातलेला चुना पिल्लांच्या मूत्रपिंडांस झेपत नाही. मांसल कोंबड्यांचे तयार खाद्य त्यामानाने चालण्यासारखे असते. पण त्यात मिसळलेली काही औषधे बदकांस बाधतात, सबब पोत्यावरील मजकूर वाचल्याशिवाय ते उघडू नये.

कोंबडीच्या खाद्यावर बदक वाढविणाऱ्यांना आणखी एका अडचणीस तोंड द्यावे लागते. नायसिन नावाचे एक जीवनसत्त्व आहे. कोंबडीचे शरीर ते थोडेफार स्वतः बनवू शकते, बदकास ते नीट साधत नाही. म्हणून त्याला किलो खाद्यामागे सुमारे ५५ मिलिग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या जवळजवळ दुप्पट लागते. ते कमी पडले की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिल्लांचे पाय धनुष्यासारखे वाकतात, घोटे सुजतात, आणि पिल्लू दाण्याच्या भांड्यापर्यंत खुरडत जाते. पुष्कळ ठिकाणी याला "वारा लागला" असे समजून पाय शेकतात. वस्तुतः उपाय खाद्यात आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यातून नायसिनयुक्त जीवनसत्त्वाचे मिश्रण आणून पाण्यातून द्यावे, अथवा खाद्यात वाळविलेले यीस्ट घालावे. कोंड्यात नायसिन पुष्कळ असते हे खरे, परंतु त्यातील बराच भाग अशा बांधलेल्या रूपात असतो की पक्ष्याच्या पचनी पडत नाही. पाय पूर्ण वाकून गेल्यावर दिलेले औषध फारसे लागू पडत नाही, म्हणून ही काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावयाची असते.

या सर्वांहून गंभीर बाब बुरशीची आहे, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत तिच्याविषयी जितके बोलावे तितके थोडेच. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारोंच्या संख्येने अचानक मरू लागले. रोग कोणता ते कळेना. शोधाअंती दोष सापडला तो ब्राझीलहून आणलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. तिच्यावर वाढलेल्या बुरशीने अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार केले होते. त्याच काळात बदकांची पिल्लेही त्याच पेंडीने मेली. इतकेच नव्हे तर बदकाचे पिल्लू या विषाला इतके लवकर बळी पडते, की पुढे कित्येक वर्षे खाद्यात हे विष आहे किंवा कसे हे तपासण्यासाठी प्रयोगशाळांत बदकाचीच पिल्ले वापरीत असत. ज्या पेंडीवर कोंबडी वरकरणी निभावून जाते, तिच्यावर बदक यकृत सुजून मरते. म्हणून शेजाऱ्याच्या कोंबड्या हीच पेंड खाऊन ठणठणीत आहेत, हा युक्तिवाद बदकाच्या बाबतीत टिकत नाही.

बदलापूरच्या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर घरातले मीठ पाझरते, तेथे पोत्यातला मका कोरडा कसा राहणार? मक्यात ओलावा शेकडा १२-१३ भागांपेक्षा अधिक झाला की बुरशीला रान मोकळे मिळते. दाण्यावर हिरवट-पिवळसर बुरशी दिसली तर तो दाणा बदकांना घालू नयेच, पण बुरशी डोळ्यांना दिसत नसतानाही विष असू शकते. बुरशी झटकून, ऊन दाखवून किंवा शिजवून ते विष जात नाही. हे वाक्य गावोगाव सांगितले पाहिजे, कारण धान्य टाकून देणे आपल्या संस्कारात बसत नाही, आणि "माणसाला नको ते पाखराला घाला" ही सवय जुनी आहे. काटकसरीची ही सवय एरवी चांगली आहे. बदकांच्या बाबतीत ती पंचवीसच्या पंचवीस पिल्ले एका आठवड्यात घालवू शकते. भुईमुगाची पेंड बदकांच्या खाद्यातून सरसकट वगळावी, सोयाबीन किंवा तिळाची वापरावी, आणि मका पंधरा दिवसांपुरताच आणावा. पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकून न ठेवता फळ्यांवर ठेवावीत. उल्हासच्या काठच्या घरांनी तर ती माळ्यावरच ठेवावीत. जुलै २०१९ मध्ये उल्हासला पूर येऊन महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली होती, ते दिवस या भागातील लोक विसरलेले नाहीत. पुरात भिजलेले खाद्य वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह कोणी धरू नये.

कोंड्याची गोष्टही अशीच फसवी आहे. गिरणीतून निघालेल्या ताज्या कोंड्यात स्निग्धांश भरपूर असतो व बदके तो आवडीने खातात. परंतु तांदूळ सडल्याबरोबर कोंड्यातील तेल बिघडू लागते. उन्हाळ्यात आठवडाभरात त्याला खवट वास येतो आणि त्यातील जीवनसत्त्वांचाही नाश होतो. म्हणून कोंडा आठवड्याचा आठवड्याला आणावा. लहान गिरण्यांतून येणाऱ्या कोंड्यात तूस बरेच मिसळलेले असते. मुठीत घेऊन चोळला असता तळव्याला टोचला तर तो कोंडा नव्हे, तूसच होय. तुसाने पोट भरते, वजन वाढत नाही. तेलविरहित कोंडा बाजारात मिळतो, तो टिकतो अधिक, पण त्यात शक्ती कमी असते. तो मक्याच्या जागी घालून चालणार नाही.

शहरालगत राहणाऱ्यांपुढे आणखी एक प्रलोभन असते, ते उष्ट्या-खरकट्याचे. खाणावळींतले उरलेले अन्न, बेकरीतले शिळे पाव, पापडाचा चुरा अशा जिनसा कमी पैशांत अथवा फुकटही मिळू शकतात. उल्हासनगर हे पापडासाठी प्रसिद्धच आहे. पण पापडात मीठ व पापडखार असतो, आणि तो पिल्लांना मुळीच योग्य नव्हे. ताज्या वाळविलेल्या पावाचा चुरा मोठ्या बदकांना मक्याच्या काही भागाऐवजी देता येतो. बुरशी धरलेला पाव मात्र तोच धोका आणतो, ज्याचे वर्णन वर केले आहे. खाणावळीच्या खरकट्यात तेल, तिखट, मीठ, हाडांचे तुकडे, प्लास्टिक व रबर असे सर्व काही असते. ते दोन दिवस डब्यात आंबले की त्यात अळ्या पडतात. सडलेल्या पदार्थांत व साचलेल्या घाण पाण्यात वाढणाऱ्या एका जंतूचे विष पोटात गेले की बदकाची मान लुळी पडते, त्याला उभे राहवत नाही आणि ते एक-दोन दिवसांत मरते. अळ्यांतूनही ते विष पोटात जाते. फुकटच्या अन्नाने वाचविलेले पैसे अशा एका दिवशी व्याजासह परत द्यावे लागतात.

ॲझोला या पाणवनस्पतीची शिफारस अलीकडे फार मोकळ्या हाताने केली जाते. वाळलेल्या ॲझोल्यात शेकडा २० ते २५ भाग प्रथिने असतात, हे खरे आहे. पण ताज्या ॲझोल्यात शंभरांतील त्र्याण्णव-चौऱ्याण्णव भाग पाणीच असते. एक किलो ताज्या ॲझोल्यातून हाती लागतात ती जेमतेम १२ ते १५ ग्रॅम प्रथिने. पाच आठवड्यांच्या बदकाला रोज सुमारे २०० ग्रॅम खाद्यातून ३० ते ३५ ग्रॅम प्रथिने मिळावी लागतात. ती नुसत्या ॲझोल्यातून द्यावयाची तर त्याने रोज दोन किलोंहून अधिक हिरवळ खाल्ली पाहिजे, आणि ते त्याच्याने होणे नाही. ॲझोला कोवळ्या भाजीसारखा वर घालावा, त्याने रुची व जीवनसत्त्वे मिळतात. त्याच्या भरवशावर पेंड कमी करू नये. उल्हास नदीवर जागोजागी माजणारी जलपर्णी बदकांना घालण्याची कल्पनाही कोणी कोणी मांडतात. ती जलपर्णी पाण्यातील जड धातू शोषून घेते. दूषित पाण्यातून काढलेली जलपर्णी म्हणजे त्या पाण्यातील घाण पेंढीने बांधून घरी आणणे होय.

दाणा कसा द्यावा हेही महत्त्वाचे आहे. कोरडे पीठ बदकाच्या चोचीस चिकटते, ते पाण्याकडे धावते, पीठ पाण्यात धुऊन जाते आणि बराचसा दाणा वाया जातो. खाद्य किंचित पाणी शिंपडून मुठीत धरल्यास गोळा होईल व सोडल्यास फुटेल इतके ओलसर करावे, किंवा गोळी-खाद्य मिळत असल्यास ते द्यावे. ओलविलेले खाद्य दोन-तीन तासांत संपेल एवढेच ठेवावे आणि उरलेले काढून भांडे धुवावे. पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा, मोठ्यांना दोन-तीन वेळा. दाण्याजवळ पाणी असलेच पाहिजे. पाण्यावाचून दाणा बदकाच्या घशात अडकतो. पाण्याचे भांडे पाच-सहा इंच खोल असावे, म्हणजे बदकास डोके बुडवून नाकपुड्या व डोळे धुता येतात. उथळ थाळीत पाणी प्यायलेल्या बदकांच्या डोळ्यांवर खपल्या धरतात व कित्येकदा ती आंधळी होतात. अगदी लहान पिल्लांच्या भांड्यात मात्र ती बुडू नयेत म्हणून स्वच्छ गोटे टाकावेत. पोहण्यासाठी तळे हवेच असे नाही. सात आठवड्यांच्या मांसल बदकाला तळ्याची आवश्यकता नाही, हे समजले की ओढ्याचा मोह अर्धा कमी होतो. नोव्हेंबरात बदलापूरकडे रात्री गारवा असतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३० अंशांच्या आसपास ऊब द्यावी. कुडकुडणारे पिल्लू दाणा खात नाही, एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून चेंगरते.

कुंपणात ठेवून खाऊ घालण्याचा आणखी एक लाभ आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळून हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. केरळात कुट्टनाडच्या फिरत्या बदकांमध्ये २०१४ साली हाच रोग आला होता. बदके कित्येकदा स्वतः आजारी न दिसता हा रोग वाहून नेतात. पाणथळीवर रानपक्ष्यांत मिसळणारे बदक संध्याकाळी घरच्या कोंबड्यांजवळ येऊन बसले, तर धोका केवळ त्याच्या मालकापुरता राहत नाही. बदके व कोंबड्या एका खुराड्यात ठेवू नयेत, आणि एका वेळी तीन-चार पक्षी मेले तर ते ओढ्यात न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

या सर्व विवेचनावर असा आक्षेप घेतला जाईल, की इतके नियम सांगितल्यावर गरीब शेतकरी बदके पाळणारच नाही. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर असे की काही घरांनी ती पाळू नयेतच. ज्या घरी स्वतःची कणी व कोंडा नाही, पेंडीसाठी हाती रोकड नाही आणि बदके कोण घेणार हे ठरलेले नाही, त्या घराला पिल्ले देणे म्हणजे त्याच्या गळ्यात सात आठवड्यांचे कर्ज बांधणे होय. आजवर योजनांच्या यशाचा हिशेब किती पिल्ले वाटली यावरून केला जातो. तो किती बदके विकली गेली व त्यांच्या खाद्याला किती पैसे पडले यावरून व्हावयास हवा. गावपातळीवरील कार्यकर्त्याने पाच घरांना पंचवीस-पंचवीस पिल्ले वाटण्याऐवजी, ज्याच्या शिवारात भात आहे व ज्याने गिऱ्हाईक पाहून ठेवले आहे, अशा एकाच घरी पंचवीस पिल्ले देऊन ती नीट वाढवून घ्यावीत. दर आठवड्याला त्या पंचवीसांतील पाच बदके ताणकाट्यावर तोलून वजन वहीत लिहावे, शेजारी त्या आठवड्यात खपलेला दाणा लिहावा. ज्या आठवड्यात दाण्याचा आकडा मोठा व वाढीचा आकडा लहान दिसेल, त्याच आठवड्यात विक्री करावी. मग नाताळ चार दिवस दूर असला तरी हरकत नाही. विक्रीच्या आदल्या रात्री दाणा काढून घ्यावा व पाणी तसेच ठेवावे, म्हणजे पोट रिकामे राहून बदक स्वच्छ सोलले जाते आणि शेवटच्या रात्रीचा दाणाही वाचतो.